मॅशअपकडून स्वतःच्या गाण्यांकडे: पहिला अल्बम कसा बांधावा

मॅशअप, म्हणजे वेगवेगळ्या गाण्यांचे भाग जोडून केलेले गाणे, ऐकणाऱ्याला एका गाण्याचा ठेका आणि दुसऱ्याचे गायन आधीच पाठ असते. त्या दोन जुन्या ओळखी अनपेक्षितपणे एकत्र आल्याचा आनंद तो घेत असतो. स्वतःच्या गाण्यात ही ओळख उसनी मिळत नाही. ती तीन-साडेतीन मिनिटांत, त्याच गाण्याच्या आत घडवावी लागते. पॉप, डान्स आणि रॉक यांच्या मिश्रणातून पहिला अल्बम करू पाहणाऱ्या मॅशअप-निर्मात्याच्या बहुतेक अडचणी या फरकातून उद्भवतात, म्हणून कामाचा क्रमही त्यावरूनच ठरवावा.

मॅशअपमध्ये आधी बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके) आणि पट्टी जुळवण्याची सवय लागते. तीच सवय इथे चालू ठेवल्यास पार्श्वसंगीत झकास होते, पण गुणगुणायला काही उरत नाही. त्यामुळे चाल आधी करावी, तीही केवळ गिटार किंवा पियानोच्या साथीने. मुखडा संथ लयीत, जलद लयीत आणि वेगळ्या पट्टीत गाऊन पाहावा. तिन्ही वेळा तो तग धरत असेल तरच पुढे जावे.

यानंतर मॅशअपचे कसब खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. मेट्रोनोमवर गायन ध्वनिमुद्रित करावे, साथ बंद करावी आणि उरलेल्या नुसत्या गायनाकडे दुसऱ्या कुणाच्या तरी गाण्यातून मिळालेला अकापेला (साथीविना गायन) म्हणून पाहावे. त्याखाली एकदा गिटार व ड्रमची रॉक साथ, एकदा सिंथेसायझर आणि चारही मात्रांवर पडणारा किक (ड्रमसंचातील सर्वांत मोठ्या ड्रमचा ठोका) असे दोन स्वतंत्र आराखडे तयार करावेत आणि मग त्यांची अदलाबदल करून पाहावी: अंतऱ्याला एक, मुखड्याला दुसरा. कॉर्डही बदलून पाहाव्यात. सी हा सूर सी मेजर, एफ मेजर आणि ए मायनर या तिन्ही कॉर्डमध्ये असतो, त्यामुळे चालीला हात न लावता तिची भावना पालटता येते. स्वतःच्याच गाण्याचा मॅशअप करण्याची ही पद्धत मला रिकाम्या प्रोजेक्टसमोर बसण्यापेक्षा कितीतरी फलदायी वाटते. मात्र पट्टी दोन अर्धस्वरांहून अधिक सरकवावी लागत असेल, तर सॉफ्टवेअरवर विसंबू नये. आवाजाचा पोत बिघडू लागतो, आणि गायक हाताशी असताना पुन्हा गाऊन घेणे केव्हाही उत्तम.

ओळख घडवण्यासाठी मुखड्यातील चार-पाच सुरांचा तुकडा गाण्याच्या आरंभीच एखाद्या वाद्यावर ऐकवावा आणि प्रत्येक पुनरावृत्तीत एकच गोष्ट बदलावी. सर्व काही एकदम बदलण्याचा मोह मॅशअपवाल्यांना फार होतो.

मिक्सिंगमध्ये रॉक आणि डान्स यांचे भांडण मुख्यतः दोन ठिकाणी होते. खालच्या कंप्रतांच्या पट्ट्यात किक आणि बेस एकमेकांवर चढतात. तेथे किक पडताना साइडचेनने (एक आवाज येताच दुसरा आपोआप कमी करणाऱ्या जोडणीने) बेस क्षणभर दाबावा. मधल्या पट्ट्यात डिस्टॉर्शन लावून खरखरीत केलेल्या गिटारी गायनाला झाकतात. म्हणून तोच गिटारचा भाग दोनदा स्वतंत्रपणे वाजवून डावीकडे व उजवीकडे ठेवावा आणि मधली जागा गायन, किक व बेससाठी मोकळी सोडावी.

जागा भरण्यापुरते वापरलेले परके सॅम्पल (दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांतून घेतलेले तुकडे) शेवटपर्यंत राहून जातात, त्यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि रचनेचा हक्क वेगवेगळे असतात. तोच तुकडा स्वतः वाजवून घेतला, तरी रचनेच्या हक्काचा प्रश्न सुटत नाही. संगीतनिर्माता डेंजर माउसने २००४ मध्ये रॅपर जे-झीचे गायन आणि बीटल्सचे संगीत जोडून केलेल्या ‘द ग्रे अल्बम’चे वितरण ईएमआय कंपनीने आक्षेप घेऊन थांबवायला लावले होते, २००६ मध्ये गायक सीलो ग्रीनसोबत नार्ल्स बार्कली या नावाने त्याने केलेला अल्बम मात्र जगभर रीतसर विकला गेला. गायक, वादक व गीतकार यांचा रचनेतील वाटा किती, हेही ध्वनिमुद्रणापूर्वीच लेखी ठरवावे.

घाई करू नये. ३९ गाण्यांच्या मॅशअपमुळे २०११ मध्ये गाजलेल्या संगीतनिर्माता मेडिऑनचा पहिला अल्बम २०१५ मध्ये आला.

गाण्यांच्या क्रमाबद्दल अधिक सांगण्याची गरज नाही. डीजे सेट बांधणाऱ्याला ते उपजत कळते. विनाइल तबकडी काढायची असेल, तर एका बाजूस साधारण वीस मिनिटे धरावीत. मास्टरिंगसाठी (अंतिम ध्वनिसंस्कारासाठी) २४ बिटच्या फाइल द्याव्यात, त्यांवर लिमिटर (ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणारी प्रक्रिया) नसावा. स्पॉटिफाय गाण्यांची पातळी सुमारे उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) आणते, त्यामुळे केवळ मोठ्या आवाजासाठी गाणे चिरडण्यात अर्थ नाही. शेवटी प्रत्येक ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) घ्यावा आणि वितरकाकडे फाइल पाठवताना सर्व रचनाकारांची नावे करारात आहेत तशीच भरावीत.