बालगटाच्या खेळांआधी: एक तयारीची यादी

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांचे खेळ आखताना बहुतेकांचा सारा वेळ नवनवे खेळ शोधण्यात जातो आणि पूर्वतयारी मात्र ऐनवेळेवर सोडली जाते. कात्री शोधायला, रंग कालवायला किंवा फडके आणायला मोठे माणूस उठले, की तेवढा वेळ मुलांकडे कोणाचेच लक्ष नसते. भांडण, सांडलवंड किंवा दुखापत नेमकी तेव्हाच होते. त्यामुळे मुले आल्यानंतर आपले हात आणि डोळे मोकळे राहतील का, एवढा एकच प्रश्न यादीतील प्रत्येक गोष्टीला विचारावा.

आदल्या दिवशी पालकांकडून चार गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात: मुलाचे नेमके वय, कशाची ॲलर्जी आहे का, शौचाला स्वतः जाता येते का, आणि मोठ्या आवाजाची किंवा हात चिकट होण्याची भीती वाटते का. शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण ज्या मुलाला ओल्या रंगात बोट बुडवायची शिसारी येते, त्याच्यासाठी ब्रश किंवा स्पंजचा तुकडा आधीच ठेवलेला असला, तर त्याला सर्वांसमोर नकार द्यावा लागत नाही. कपड्यांचा एक जादा जोड प्रत्येकाबरोबर मागवावा.

जागा तपासताना गुडघ्यांवर बसून, मुलांच्या उंचीवरून खोली पाहावी. प्लगचे उघडे बोर्ड, टेबलांचे टोकदार कोपरे, पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या आणि हात पुरेल अशी औषधे उभ्याने पाहताना नजरेतून सुटतात. सलग मोकळी लांब जागा दिसली की मुले धावणारच. म्हणून धावण्याचा भाग आणि बसून करण्याच्या कामांचा भाग यांच्यामध्ये बुटके टेबल किंवा सतरंजीची गुंडाळी आडवी ठेवावी.

साहित्याच्या बाबतीत सर्वाधिक सावधगिरी बारीक वस्तूंची घ्यावी. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी अमेरिकेत जे चाचणीचे नळकांडे वापरतात, त्याचा व्यास सुमारे 31.7 मिलिमीटर असतो आणि त्यात पूर्ण मावणारा तुकडा घशात अडकण्याजोगा मानला जातो. गटात एखादे धाकटे भावंड येणार असेल, तर मणी, बटणे आणि बिया त्या दिवशी बाहेर काढूच नयेत. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे, बटणासारखे चपटे सेल आणि छोटे लोहचुंबक मोठ्या मुलांच्या हातीही देऊ नयेत.

वस्तू किती प्रकारच्या, यापेक्षा एकसारख्या किती आहेत, हे मोजावे. अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्ये मुलांच्या सामाजिक सहभागाचे जे टप्पे मांडले, त्यांत शेजारी बसून, तशाच वस्तूंनी, पण आपापले खेळणे हा एक टप्पा आहे, आणि तीन वर्षांची बरीच मुले तेथेच असतात. त्यांच्यासाठी दहा वेगवेगळ्या गाड्यांपेक्षा चार सारख्या गाड्या अधिक उपयोगी पडतात.

मळण्याच्या खेळासाठी दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि साधारण एक वाटी पाणी घेऊन गोळा आदल्या रात्रीच मळून झाकून ठेवावा. त्यात मीठ भरपूर असल्याने तो तोंडात जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे आणि गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी वेगळे काम ठेवावे. पाण्याच्या खेळाला उथळ परात, पेले, गाळणी आणि फनेल पुरेसे आहे. मात्र काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकते, त्यामुळे त्या परातीजवळ एका मोठ्या माणसाची नेमणूक नावानिशी करावी.

पळापळीचे खेळ निवडताना बाद होण्याचा नियम आधीच काढून टाकावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. संगीत खुर्चीत सर्वांत आधी बाद होते ते मूल, ज्याला थांबण्याचा आणि तोल सावरण्याचा सराव सर्वाधिक हवा असतो, आणि तेच उरलेला वेळ कडेला बसते. खुर्ची कमी करावी, मूल कमी करू नये. उरलेल्या खुर्च्यांभोवती सगळ्यांनी सामावून कसे उभे राहायचे, हाच खेळ होतो. ‘स्टॅच्यू’ही असाच खेळावा: हललेल्याला बाहेर न काढता पुढचा आवाज त्याला काढू द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान 180 मिनिटे हालचाल व्हावी आणि त्यातील 60 मिनिटे तरी दमवणारी असावीत, तेव्हा धावण्याला वेळापत्रकात उरलेसुरले नव्हे, आरंभीचे स्थान द्यावे.

एकेका खेळाला दहा-पंधरा मिनिटे धरावीत, पण मुले रमली असतील तर पुढचा खेळ खुशाल वगळावा. खेळ बदलण्यापूर्वी दोन मिनिटे आधी सांगावे, आणि सांगण्याची खूण एकच असावी, उदाहरणार्थ ठरलेले गाणे. आवरण्यासाठी प्रत्येक टोपलीवर आतल्या वस्तूचे चित्र चिकटवून ठेवले, तर वाचता न येणारे मूलही ठोकळे त्यांच्या जागी नेऊन ठेवते.

मुले गेल्यावर परात लगेच रिकामी करून पालथी घालावी, कात्र्या मोजून पेटीत ठेवाव्यात, जमिनीवर बारीक तुकडा राहिला का ते पुन्हा गुडघ्यांवर बसून पाहावे आणि कोणत्या टोपलीला कोणीच हात लावला नाही, तेही लिहून ठेवावे.