बाजारातून आणलेला घोडा तीन आठवडे वेगळा बांधा : स्ट्रँगल्सबाबत सल्ला

दिवाळीच्या सुमारास अकलूजचा घोडेबाजार भरतो. तिथून घेतलेली घोडी किंवा शिंगरू थेट जुन्या जनावरांच्या दावणीला बांधण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तीच स्ट्रँगल्सला तबेल्यात घेऊन येते. स्ट्रेप्टोकॉकस इक्वाय या जिवाणूमुळे होणारा हा श्वसनमार्गाचा रोग एक ते पाच वर्षे वयाच्या घोड्यांत अधिक आढळतो आणि संसर्गानंतर साधारण 3 ते 14 दिवसांत दिसू लागतो.

आधी ताप येतो, नाकातून पिवळा घट्ट शेंबूड आणि जबड्याखालची सूज नंतर दिसते. तापानंतर एक-दोन दिवसांनी जनावर जिवाणू बाहेर टाकू लागते, म्हणून हीच वेळ हातची जाऊ देऊ नये. थर्मामीटरला दोरी बांधून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून ताप मोजावा आणि पारा 102 अंश फॅरनहाइटच्या वर गेला की शेंबडाची वाट न पाहता घोडा लगेच वेगळा काढावा.

रोग पसरवण्यात सामाईक पाण्याचा मोठा वाटा असतो. आजारी घोडा हौदात तोंड घालतो तेव्हा शेंबडाची तार पाण्यावर तरंगत राहते आणि पाठोपाठ येणारी घोडी तेच पाणी पिते. त्यामुळे आजारी घोड्याची बादली, तोबरा, लगाम व खरारा वेगळा असावा, आणि सांभाळणाऱ्याने निरोगी जनावरांचे काम आधी उरकून मगच त्याच्याकडे जावे.

जबड्याखालची गाठ घरी ब्लेडने फोडू नये. शेकल्याने ती पिकते. फुटल्यावर जखम स्वच्छ करून पू जमिनीवर सांडू न देता नष्ट करावा. प्रतिजैविक कधी द्यायचे हे पशुवैद्यकानेच ठरवावे, कारण गाठ धरल्यावर दिलेल्या इंजेक्शनाने ती पिकणे लांबू शकते. श्वास घेताना घरघर होत असेल तर मात्र रात्री-अपरात्रीही डॉक्टरांना बोलवावे.

घोडा बरा दिसला तरी पुढे कित्येक आठवडे जिवाणू बाहेर टाकत असतो आणि सुमारे दहातला एक कंठाजवळच्या पोकळीत तो महिनोन्महिने बाळगतो. लग्नसराईची सुपारी घेतलेल्यांना थांबणे जड जाते, हे आम्ही जाणतो. तरीही तपासणीत घोडा निर्दोष ठरेपर्यंत त्याला वरातीला किंवा यात्रेला नेऊ नये.

नाकातील व्रण किंवा अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्यास ग्लँडर्सची शंका घ्यावी. तो रोग माणसालाही होतो, त्यामुळे अशा घोड्याला उघड्या हाताने स्पर्श न करता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे.