पावसाळी गाडीची नोंद कुठे थांबवायची

कुडाळ स्टेशनवरून दर शनिवारी पाहुणे आणायचे असतात. आमचा होमस्टे मालवणच्या बाजूला, आणि माझा सगळा कारभार ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, त्यातल्या ऑर्ग-मोड या नोंदी ठेवायच्या सोयीच्या एका साध्या फाइलीत. तारखेपुढे 'अधिक एक डब्ल्यू' लिहिलं की नोंद दर आठवड्याला येते. येतच राहते. ती कधी थांबायची हे सांगायची सोय त्या खुणेत नाही.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक कित्येक वर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, तेच माझ्या डोक्यात बसलेलं. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. २५ ऑक्टोबरच्या शनिवारी मी फाइलीतली पावसाळी वेळ बघून आरामात निघालो, तर पाहुणे केव्हाचे बॅगांवर बसलेले. आई म्हणाली, "पावस सरलो ता तुझ्या मशिनीक कळाक नाय?"

तेव्हापासून अशा नोंदींना मी 'ऑर्ग-क्लास' वापरतो. मथळ्यात वेळ आणि काम लिहायचं. खालच्या ओळीवर टोकदार कंस, दोन टक्क्यांची चिन्हं, साधा कंस, मग ऑर्ग-क्लास हा शब्द, आणि पुढे आकडे: सुरुवातीचं साल, महिना, दिवस, शेवटचं साल, महिना, दिवस, आणि वार. रविवार ०, शनिवार ६. म्हणजे माझी ओळ २०२५ ६ १५ २०२५ १० २० ६. मग दोन्ही कंस बंद. हे सगळं रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचं. देवनागरी आकडे त्याला कळत नाहीत. मथळ्यातल्या वेळेचंही तेच.

वाराच्या पुढे वर्षातल्या आठवड्याचा क्रमांक टाकला तर तो आठवडा गळतो. मी ३५ टाकला, कारण चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि त्या आठवड्यात आम्ही पाहुणे घेतच नाही. अठरा शनिवारांतले सतरा उरले.

'ऑर्ग-क्लास'च्या जागी 'डायरी-ब्लॉक' वापरूनही हे जमतं, पण त्यात सेटिंग बदललं नसेल तर महिना आधी आणि दिवस नंतर लागतो. ७ जूनचा ६ जुलै व्हायला वेळ लागत नाही. मी त्या वाटेला जात नाही.

एक अडचण मात्र आहे. अशी नोंद नुसती दिसते, 'झालं' म्हणून तिच्यावर खूण करता येत नाही. स्टेशनला जायचं तर ते चालतं. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याची खूण मला हवीच असते. तिथे साधी तारीख घालून नोंद करायची, कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स आणि नुसतं सी दाबायचं, प्रती ११ सांगायच्या, अंतर एक आठवडा. मूळ धरून बारा रविवार, तेरावा येत नाही. मूळ नोंदीत पुनरावृत्तीची खूण राहिली असेल तर ती आधी काढा. नाहीतर शेवटी ती खूण असलेली एक जादा प्रत येते आणि तीच पुन्हा न संपणारी होऊन बसते.

सगळं झालं की अजेंड्यात, म्हणजे ऑर्ग-मोडच्या दिवसवार यादीत, 'जे' ही कळ दाबून शेवटच्या तारखेच्या अलीकडचा आणि पलीकडचा शनिवार उघडून बघायचा. माझ्याकडे १८ ऑक्टोबरला गाडी दिसली, २५ ला नाही. नेहमीच्या वेळेची दुसरी ओळ मी २१ पासून सुरू केली.