अस्वलाच्या दाताचा कडकपणा मोजताना

आधी कायद्याचं. आपल्याकडचं अस्वल वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि मेलेलं अस्वलसुद्धा सरकारी मालमत्ता असतं. त्यामुळे वनखात्याची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय दाताला हात लावू नका.

दात निवडताना काय हवं ते ठरवा. आपल्या अस्वलाला इतर अस्वलांसारखे ४२ नाही, ४० दात असतात. वरचे मधले दोन पटाशीचे दात नसतात. त्या फटीतूनच ते वाळवी ओढून घेतं. सुळ्याची गोष्ट वेगळी. कोवळ्या अस्वलाच्या सुळ्यात मगजाची पोकळी मोठी आणि भिंत पातळ असते. वय वाढेल तसं आतून डेंटिन (इनॅमलखालचा, दाताचा मुख्य भाग) भरत जातं. म्हणून वयाचा अंदाज नोंदवल्याशिवाय दोन सुळ्यांची तुलना करू नका. दाढा बसक्या आणि दळणाऱ्या. त्यांची टोकं झिजलेली असतील तर मूळचं इनॅमल (दातावरचं कडक कवच) कड्यांलगतच सापडेल.

सगळ्यात जास्त नुकसान साठवणुकीत होतं. कवटी उकळून साफ केली की इनॅमलला तडे जातात. ब्लीचमध्ये डेंटिनमधलं कोलॅजन (त्याला चिवट ठेवणारे प्रथिनांचे तंतू) नष्ट होतं. साधं फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि खनिज विरघळवतं. दात ०.१ टक्के थायमॉलच्या (जंतू रोखणारं रसायन) पाण्यात, ४ अंश सेल्सिअसला ठेवा. वाळलेलं डेंटिन ओल्यापेक्षा कडक आणि ठिसूळ वागतं, म्हणजे मोजलेला आकडा जिवंत दाताचा राहतच नाही.

संथ गतीच्या हिऱ्याच्या चकतीने, सतत पाणी सोडत, दात ओठाकडून जिभेकडे उभा कापा. पृष्ठभाग नुसता टिपून गरम न करता घट्ट होणाऱ्या इपॉक्सी राळेत बसवा. गरम दाबाचं माउंटिंग नकोच, त्या तापमानाला डेंटिन खराब होतं. मग सिलिकॉन कार्बाइडचे ४००, ८०० आणि १२०० नंबरचे कागद. प्रत्येक कागदाला नमुना ९० अंशांत फिरवा. आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की पुढचा कागद. शेवटी ३ आणि १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट. मऊ कापडावर फार वेळ घासू नका: डेंटिन आधी झिजतं, इनॅमलची पायरी उभी राहते आणि कडकपणा मोजायला उमटवायचा ठसा तिरका पडतो.

चाचणीआधी नमुना रात्रभर पाण्यात ठेवा. व्हिकर्स यंत्र हिऱ्याचं चौकोनी टोक दाबून ठसा उमटवतं आणि त्या ठशाच्या कर्णावरून कडकपणा काढतात. त्यावर १०० ग्रॅम भार १५ सेकंद द्या. दोन ठशांत आणि कडेपासून किमान अडीच कर्ण अंतर सोडा. भार किलोग्रॅममध्ये आणि सरासरी कर्ण मिलिमीटरमध्ये घेऊन १.८५४ × भार ÷ कर्णाचा वर्ग हे सूत्र वापरा. कर्ण २५ मायक्रॉन आला तर कडकपणा २९७ येतो, ५५ मायक्रॉन आला तर ६१. माणसाच्या दातात इनॅमल साधारण ३०० च्या आसपास आणि डेंटिन ५० ते ७० असतं, एवढा अंदाज डोक्यात असू द्या.

ठसा सूक्ष्मदर्शकाच्या ४० पटीच्या वस्तुभिंगाखाली नीट पाहा. इनॅमलमध्ये चौकोनाच्या कोपऱ्यांतून केसाएवढ्या चिरा निघतात, डेंटिनमध्ये सहसा निघत नाहीत. ते थोडं दबून भार पचवतं. तिरक्या उजेडात इनॅमलमध्ये गडद-फिकट पट्टे दिसतील. तिथे इनॅमलच्या दांड्यांचे जुडगे एकमेकांना छेदतात, त्यामुळे चीर सरळ धावत नाही, वळत-वळत थकते. चिरेची लांबी आणि दिशासुद्धा नोंदवा. दोन्ही कर्णांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर तो ठसा सोडून द्या आणि नमुना सपाट बसला आहे का ते तपासा.