पहिल्या बाळाची तयारी करताना होणाऱ्या बाबांनी या चुका टाळाव्यात

माझी मुलगी आता आठ महिन्यांची आहे. तिच्या येण्याआधीचे नऊ महिने मी सोलापुरात, अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी सांभाळत काढले, आणि त्या काळात सर्वांत जास्त ऐकलेले वाक्य म्हणजे "तुम्हाला काय करायचंय त्यात, बायका बघून घेतील." बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु पत्नी कळा सोसत असते त्या घडीला डॉक्टर आणि परिचारिका प्रश्न विचारतात ते पतीलाच: रक्तगट कोणता, शेवटची पाळी कधीची, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, आधी कोणती इंजेक्शने झाली. तिच्या वेदनेत वाटा घेता येत नाही. ही माहिती मात्र आपल्याला तोंडपाठ असू शकते. पुढच्या चुकांपैकी काही मी स्वतः केल्या, काही शेजारीपाजारी होताना पाहिल्या, आणि जवळजवळ सगळ्यांचे मूळ त्या एका वाक्यात आहे.

कागद पिशवीत आणि पिशवी कपाटात

आमच्याकडे तपासणीचे सगळे कागद एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत होते. रक्ताचे अहवाल, सोनोग्राफीच्या चित्रांच्या पट्ट्या, औषधांची बिले असे सगळे त्यात एकत्र कोंबलेले असे. माझ्या पत्नीचा रक्तगट निगेटिव्ह आणि माझा पॉझिटिव्ह आहे. अशा जोडप्याच्या बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह असू शकतो, आणि बाळाच्या रक्तपेशी आईच्या रक्तात मिसळल्या तर तिचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करू लागते. पहिल्या बाळाला त्याचा त्रास सहसा होत नाही, परंतु पुढच्या गरोदरपणात धोका मोठा असतो. म्हणून साधारण २८व्या आठवड्यात अँटी-डी नावाचे इंजेक्शन देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा देतात. पहिले इंजेक्शन मार्चमध्ये सोलापुरात झाले, पण फाइलवर त्याची नोंद चढवून घेण्याचे मला सुचले नाही. पुरावा म्हणून राहिली ती यंत्रातून निघालेली एक छोटी पावती, ती गेली पिशवीत, आणि आठव्या महिन्यात पत्नी बार्शीला माहेरी गेली तेव्हा पिशवी कपाटातच राहिली.

तिथल्या पहिल्याच तपासणीच्या दिवशी दुपारी सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, डॉक्टरीणबाई विचारतायत, ते निगेटिव्हचं इंजेक्शन झालंय का नाही? कागद कुठंय?" मी अर्धी सुट्टी टाकून घरी आलो, पिशवी पलंगावर रिकामी केली आणि एकेक कागद उलगडत बसलो. पावती सापडली, पण उन्हाळ्यात तापलेल्या कपाटात तिच्यावरची अक्षरे इतकी फिकट झाली होती की खिडकीशी तिरपी धरून मला तारीख वाचावी लागली.

सोनोग्राफीच्या पट्ट्या आणि बहुतेक पावत्या थर्मल कागदावर छापलेल्या असतात. उष्णतेने त्यांची छपाई उडते, आणि टिकावी म्हणून लॅमिनेशन केले तर तो कागद काळा पडतो. त्यामुळे कागद हातात पडेल त्याच दिवशी त्याचा मोबाइलवर फोटो काढावा आणि तो पत्नीला व सासरी एका तरी माणसाला पाठवून ठेवावा. फाइलच्या पहिल्या पानावर पेनाने, मोठ्या अक्षरांत, दोघांचे रक्तगट, शेवटच्या पाळीची तारीख, अपेक्षित प्रसूतीची तारीख, ॲलर्जी, चालू औषधे आणि झालेली इंजेक्शने तारखेसह लिहावीत. शासकीय केंद्रात नोंदणी झाल्यावर मिळणारे माता आणि बाल संरक्षण कार्ड याच फाइलमध्ये असावे, कारण बाळाच्या लसींची नोंदही त्याच्यावरच होते. कागद आधीच हरवले असतील तर घाबरण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेत नाव आणि अंदाजे तारीख सांगितल्यास अहवालाची दुसरी प्रत मिळू शकते, आणि सोनोग्राफी केंद्रांना तर १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार नोंदी किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. त्याच कायद्याने गर्भाचे लिंग सांगणे जसा गुन्हा आहे तसाच ते जाणून घेण्याचा प्रयत्न करणेही गुन्हा आहे. हा प्रश्न कुणी नातेवाइकाने सुचवला तर पतीने तिथल्या तिथे थांबवावा.

पत्नीला दवाखान्याच्या दारापर्यंत सोडणे

दवाखान्यासमोर गाडीवर बसून मोबाइल पाहणारे पती मी दर महिन्याला पाहत असे, आणि पहिले दोन महिने मीही त्यांच्यातच होतो. आत गेल्यावर कळले की डॉक्टर पाच मिनिटांत दहा गोष्टी सांगतात आणि मळमळ, थकवा सोसणाऱ्या बाईला त्यांतल्या सगळ्या लक्षात राहत नाहीत. एक छोटी वही न्यावी, प्रश्न आधी लिहावेत आणि उत्तरे समोरच उतरवून घ्यावीत. बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांत होते आणि साखरेची चाचणी बहुधा २४ ते २८ आठवड्यांत. या तारखांना रजा आधीच मागून ठेवावी. ज्यांना खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी शासकीय केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते.

गोळ्यांच्या बाबतीत एक चूक घरोघरी होते. सकाळी पती प्रेमाने चहा करून आणतो आणि लोहाची गोळीही त्याच कपाबरोबर दिली जाते. चहामुळे लोह शरीरात नीट शोषले जात नाही, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतल्यानेही तेच होते. म्हणून चहा आणि लोहाची गोळी यांत एक-दोन तासांचे अंतर ठेवावे, गोळी लिंबूपाण्याबरोबर द्यावी आणि कॅल्शियम दिवसाच्या दुसऱ्या वेळी द्यावे. गोळ्यांमुळे शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नयेत. मळमळ फारच होत असेल तर गोळी बदलून देता येते, मात्र ते डॉक्टरांना विचारून करावे.

पत्नी माहेरी गेली म्हणजे आपली जबाबदारी संपली असे समजणे

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत चांगली आहे. आईच्या हातचे खाणे आणि आईजवळची झोप यांची बरोबरी कशाने होत नाही. परंतु डोहाळजेवण आटोपून पत्नी गेली की पतीचे दिवस एकदम मोकळे होतात आणि संध्याकाळचा "जेवलीस का?" एवढाच फोन उरतो. त्याऐवजी रोज एक ठरलेला प्रश्न विचारावा: आज बाळाची हालचाल नेहमीसारखी जाणवली का? हालचाल कमी झाली, रक्तस्राव झाला, पाणी गेले, डोके असह्य दुखले, नजर धूसर झाली, चेहऱ्यावर किंवा हातांवर एकाएकी सूज आली, झटके आले किंवा ताप भरला, तर सकाळची वाट पाहायची नसते. हे आठही शब्द आम्ही सासरच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरखाली चिकटवले होते. माझ्या पत्नीला नवव्या महिन्यात एका रात्री डोकेदुखी झाली. सासूबाई बाम लावून झोपवणार होत्या, तोच त्यांची नजर त्या कागदाकडे गेली आणि त्या तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. रक्तदाब ठीक निघाला. तरीही नेले हेच बरोबर होते, असे डॉक्टरांनी त्यांना आवर्जून सांगितले.

बार्शी सोलापूरहून सत्तर-एक किलोमीटर आहे. एवढ्या अंतरावरून आपण वेळेत पोहोचूच असे धरून चालणे हीच चूक आहे. रात्री दोन वाजता गाडी कुणाची, चालवणार कोण, आपण पोहोचेपर्यंत संमतीपत्रावर सही कोण करणार आणि रक्त लागल्यास कुणाला फोन करायचा, हे चार जणांशी आधीच बोलून ठेवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. शासकीय रुग्णालयात जाणाऱ्या गरोदर मातेसाठी १०२ क्रमांकाचीही आहे. बाळंतपण सोलापुरातच होणार असेल तरी रस्ता एकदा रात्री आणि एकदा गर्दीच्या वेळी स्वतः पाहून घ्यावा. आमची सविस्तर सोनोग्राफी नेमकी संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत आली. नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते बंद असतात हे लहानपणापासून माहीत असूनही ते मी हिशेबात धरले नव्हते, आणि पत्नीला बराच वेळ रिक्षात अवघडून बसावे लागले. तारीख जानेवारीच्या मध्याची असेल तर पर्यायी रस्ता ठरवूनच ठेवावा.

पाण्याचे ड्रम आणि सोलापूरचे ऊन

आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते, त्यामुळे प्रत्येक घरात ड्रम, टाक्या आणि घागरी भरलेल्या असतात. बाळाची दुपटी रोज धुवायची म्हणून साठवण वाढवणे योग्यच आहे. पण डेंगी पसरवणारा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. गरोदरपणातला डेंगी आई आणि बाळ या दोघांनाही जड जातो. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी एकेक ड्रम पूर्ण रिकामा करून आतल्या कडा घासाव्यात, कारण अंडी कडेला चिकटून राहतात, आणि भरल्यावर तोंडाला जाड कापड घट्ट बांधावे. हे काम जड आहे, वाकून करण्याचे आहे, म्हणून ते पतीचेच आहे.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि तेव्हाही कित्येक घरांत नवजात बाळाला लोकरी टोपरे, दोन दुपटी आणि वर चादर अशा गुंडाळ्यात ठेवतात. सोलापुरी चादरीचा मला अभिमान आहे, परंतु तिची जागा बाळाच्या अंगावर नाही. उन्हाळ्यात एक पातळ सुती झबले पुरते. बाळाला पाठीवर झोपवावे, आणि तोंडाजवळ उशी किंवा मऊ पांघरूण असू नये. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवण्याची पद्धत अजूनही दिसते. बंद खोलीत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस बेशुद्ध होऊ शकतो. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने बाळंतिणीला द्यावा. ही गोष्ट थोरांना सांगताना वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून, त्यांच्यासमोरच, वदवून घेणे मला जास्त उपयोगी पडले.

खरेदीवर भर आणि रजेचा विसर

बाळ येण्याआधी काही आणू नये असे माझ्या आईचे म्हणणे होते, आणि मी ते मोडले नाही. घरातली जुनी सुती धोतरे आणि मऊ लुगडी धुऊन, उन्हात वाळवून त्यांची दुपटी केली, एवढ्यावर पहिला महिना निभावला. पाळणा आणि गाडी या वस्तू थांबू शकतात. रजेचे तसे नाही. खासगी नोकरीत पित्याला रजा देण्याची कायद्याने सक्ती नाही, म्हणून साठलेली रजा प्रसूतीच्या दिवशी आणि बारशाला संपवून टाकू नये. आई-बाळ घरी आल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस तिची खरी गरज असते. विमा असेल तर प्रसूतीसाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे विमा घेतल्यापासून किती काळाने प्रसूतीचा खर्च मिळू लागतो ते, सुरुवातीलाच वाचावा.

तंबाखूबद्दल थोडेच लिहितो. "मी गॅलरीत जाऊन ओढतो" हा बचाव खरा नाही, कारण धूर कपड्यांवर आणि केसांवर घरात येतो. घरातल्या धुराने बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका असतो. सोडायला नऊ महिने मिळतात.

बाळ हातात आल्यानंतरचे पहिले दिवस

बाळाच्या तोंडी पहिले मधाचे बोट लावण्याचा मान बहुधा घरातल्या थोरांकडे असतो. एक वर्षापर्यंत मध देऊ नये, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. जन्मल्यावर तासाभरात आईचे दूध, त्यातही सुरुवातीचा पिवळसर चीक, हेच बाळाचे पहिले अन्न आहे, आणि सहा महिने पाणी, गुटी असे वरचे काहीही लागत नाही. हिपॅटायटिस-बीची पहिली लस २४ तासांच्या आत मिळाली का, हे कार्डावर पाहून घ्यावे. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते, ते स्वाभाविक आहे. दूध पुरते की नाही याची काळजी करत बसण्यापेक्षा पतीने लघवीने ओली झालेली दुपटी मोजावीत. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक ओली होत असतील तर दूध पोहोचते आहे. कमी भरली, किंवा पहिल्याच दिवशी बाळ पिवळे दिसले, तर कोवळ्या उन्हात ठेवून वाट पाहू नये, डॉक्टरांना दाखवावे. पत्नीचे रडू आणि उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर तो तिचा स्वभाव नसून आजार असू शकतो. डॉक्टर गाठावेत, अथवा टेली-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

जन्माची नोंद बाळ जिथे जन्मले तिथेच होते, हे मला उशिरा कळले. मुलगी बार्शीत जन्मली म्हणून दाखला बार्शी नगरपरिषदेकडूनच मिळाला, तर मी त्यासाठी सोलापूर महानगरपालिकेत एक सकाळ रांगेत उभा राहिलो होतो. नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते आणि रुग्णालयच ती कळवते, परंतु आई-वडिलांच्या नावांची अक्षरे बरोबर पाठवली आहेत का हे रुग्णालय सोडण्याआधी आपण पाहायचे असते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. पहिल्या अपत्यासाठी पात्र मातांना प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आणि दुसऱ्या हप्त्यासाठीही जन्मनोंद व सुरुवातीच्या लसी पूर्ण झालेल्या असाव्या लागतात. बाळाचे नाव ठरलेले नसेल तरी नोंद थांबवू नये. नाव नंतर घालता येते, आणि वर्षाच्या आत घातल्यास त्याला शुल्क पडत नाही. आमच्या रुग्णालयाच्या फॉर्मवर पत्नीचे नाव माहेरच्या आडनावाने लिहिले गेले होते. घरी निघण्याच्या दिवशी, बिल भरण्याच्या खिडकीशी उभे राहून मी ते आधार कार्डाशी ताडून पाहिले आणि तिथेच दुरुस्त करून घेतले.