सोरोरिटीत रिक्रूटमेंटचा नियम मोडला तर? शिस्त लावताना या चुका टाळा

प्रेफरन्स राउंडच्या, म्हणजे निवडीच्या शेवटच्या फेरीच्या, आदल्या रात्री साडेअकराला आमच्या सोरोरिटी चॅप्टरच्या (विद्यार्थिनींच्या संघटनेच्या कॉलेजातल्या शाखेच्या) प्रेसिडेंटचा फोन आला. वीस वर्षांची मुलगी, आठवडाभर बोलून बोलून घसा बसलेला. "एक स्क्रीनशॉट पाठवलाय, आधी तो बघा," एवढंच म्हणाली. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने रशमध्ये, म्हणजे नव्या सदस्य निवडण्याच्या रिक्रूटमेंटमध्ये, उतरलेल्या आपल्या शाळेतल्या मैत्रिणीला लिहिलं होतं, "उद्या फक्त आमचंच नाव लिही. तुझी बिड पक्की आहे, मी यादी बघितलीय." खाली तीन गुलाबी बदाम.

बिड म्हणजे सोरोरिटीत येण्याचं निमंत्रण, आणि ती कुणाला द्यायची याची यादी तर अजून झालीच नव्हती.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका सरकारी विद्यापीठात मी काही वर्षं एका सोरोरिटी चॅप्टरची ॲडव्हायझर आहे. हे काम बिनपगारी असतं. मराठी घरांतल्या बऱ्याच मुली आता ऑगस्टमध्ये या रिक्रूटमेंटला बसतात, आणि पुढे त्यांतल्याच काही जणी चॅप्टरमध्ये पदावर येतात. कुणी नियम मोडला की मग त्यांच्यावरच निवाड्याची वेळ येते, आणि ते काम कसं करायचं हे त्यांना नीट शिकवलेलं नसतं. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या आयांसाठीही.

आधी नियम कशासाठी आहे ते बघू, कारण शिक्षेचं माप त्यावरून ठरतं. 1902 साली स्थापन झालेली नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही मोठ्या सोरोरिटींची शिखर संस्था. तिचे काही करार सगळ्या सदस्य सोरोरिटींना बंधनकारक असतात, आणि त्यांच्या चौकटीत प्रत्येक कॅम्पसची पॅनहेलेनिक, म्हणजे तिथल्या सोरोरिटींची सामाईक परिषद, आपली नियमावली करते. रिक्रूटमेंटमध्ये दोन्ही बाजूंनी पसंती द्यायची असते. शेवटच्या प्रेफरन्स राउंडनंतर मुलगी आपल्या पसंतीची घरं, म्हणजे सोरोरिटी, क्रमाने लिहून सही करते, चॅप्टर आपली यादी देतं, आणि दोन्ही जुळवून बिड ठरते. मुलीची ती सही बंधनकारक असते. कुणाच्या शब्दावर विसंबून तिने दोन नावं लिहायची संधी असताना एकच लिहिलं आणि त्या घराची यादी तिच्यापर्यंत पोचलीच नाही, तर तिच्या हाती काहीच लागत नाही. सगळे पर्याय वापरणाऱ्या मुलींना जे संरक्षण मिळतं, तेही तिला मिळत नाही. म्हणून बिडचं वचन देणं हा गंभीर गुन्हा धरतात. रिक्रूटमेंटमध्ये दारू नको, मुलगे नकोत, भेटवस्तू नकोत हेही नियम आहेतच, पण सगळ्यात जास्त नुकसान या वचनाने होतं.

दोन खटले एकात कालवू नका

हमखास होणारी चूक ही. "पॅनहेलेनिक तिला काय शिक्षा करेल?" असं मुली विचारतात. पॅनहेलेनिक एकेका मुलीला शिक्षा करत नाही, ती चॅप्टरला जबाबदार धरते. त्या मुलीची वैयक्तिक जबाबदारी ठरवायची ती चॅप्टरने, आपल्या अंतर्गत मंडळापुढे. त्याला कुठे स्टँडर्ड्स म्हणतात, कुठे ऑनर बोर्ड. दोन रस्ते, दोन फायली, दोन वेगळ्या तारखा.

पहिल्या रस्त्याची रीत ठरलेली आहे. तक्रार लेखी द्यायची, ठरलेल्या मुदतीत द्यायची, आणि ती देण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांनीच द्यायची. मग आधी मध्यस्थी होते, म्हणजे दोन्ही बाजू एका टेबलाशी बसून काय तोडगा निघतो ते बघतात. तिथे जमलं नाही तरच सुनावणी, आणि त्यावर राष्ट्रीय पातळीपर्यंत अपील. आर्थिक दंड फक्त मोजता येण्याजोग्या चुकांना लागतो, उदाहरणार्थ यादी उशिरा देणं. बाकी चुकांना शिक्षा अशी हवी की त्यातून काही शिकता येईल आणि ती त्या चुकीला साजेशी असेल. चॅप्टरचा कोटा, म्हणजे किती नव्या मुली घ्यायच्या तो आकडा, कापा, नव्या मुलींची दीक्षा अडवा, असल्या शिक्षा बसत नाहीत, कारण त्यांत भरडल्या जातात त्या मुलींनी काहीच केलेलं नसतं. ही नियमावली प्रसंग घडल्यावर नाही, जुलैतच वाचून ठेवा.

घोळ कसा होतो? चॅप्टरला पॅनहेलेनिककडून समज मिळते, सगळ्या जणी चिडतात, आणि तो राग स्टँडर्ड्सच्या खोलीत त्या एका मुलीवर निघतो. किंवा उलट होतं. तिला गुपचूप निलंबित करून "आमचं आम्ही बघून घेतलं" असं पॅनहेलेनिकला सांगतात. दोन्ही चूक.

"बिड डे होऊ दे, मग बघू"

बिड डे म्हणजे बिड वाटण्याचा दिवस. तो होईपर्यंत थांबावं, हाच त्या रात्री आमच्या प्रेसिडेंटचाही विचार होता. मी नको म्हटलं. ती मैत्रीण दुसऱ्या दिवशी सही करणार होती. तिला खरं सांगायचं असेल तर तेवढीच वेळ होती, आणि सांगायचं आम्ही नव्हतं, कारण आम्ही जे बोललो असतो तोही नियमभंगच ठरला असता. रिक्रूटमेंटच्या काळात आपल्या चॅप्टरपासून अलग राहून सगळ्या उमेदवार मुलींना तटस्थपणे मदत करणाऱ्या काउन्सेलर असतात. प्रेसिडेंटने रात्रीच पॅनहेलेनिकच्या सल्लागाराला कळवलं, आणि सकाळी काउन्सेलरने त्या मुलीला एकटीला बसवून समजावलं की कुणाचाही शब्द ग्राह्य नसतो, पर्याय असतील तितके वापर. आपल्याच चॅप्टरविरुद्ध आपणच कळवायचं हे वीस वर्षांच्या मुलीला किती जड जातं ते त्या रात्री मी ऐकलं. ती फोनवर रडली, आणि तरी तिने कळवलं.

चालढकलीत पुरावेही जातात. मेसेज पुसले जातात, मग "माझ्या आठवणीप्रमाणे" सुरू होतं. स्क्रीनशॉट घेताना वरची तारीख, वेळ आणि आधीचं संभाषण यासकट घ्या. मधलीच एक ओळ कापून पाठवलेल्या चित्रावर कुणाचाही निवाडा करू नका. बऱ्याच कॅम्पसवर ओळखीच्या मुलीशी साधं, नेहमीचं बोलणं चालतं. "ऑल द बेस्ट, घाबरू नकोस" आणि "तुझी बिड पक्की" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो पूर्ण संभाषण वाचल्याशिवाय दिसत नाही.

ऐकून न घेता निकाल

आपल्याकडे नोकरीत कारणे दाखवा नोटीस देतात. इथेही तसंच हवं. कोणता नियम, कोणत्या दिवशी, कोणत्या कृतीने मोडला हे लेखी द्या, आणि तयारीला थोडे दिवस द्या. "तुझ्या वागणुकीबद्दल बोलायचं आहे" असला मोघम निरोप पाठवाल, तर मुलगी चार रात्री झोपत नाही आणि येते तेव्हा भलत्याच गोष्टींची सफाई देते.

आमच्या सुनावणीत घडलं ते सांगते. खोलीत अर्धगोलात सात खुर्च्या, आणि समोर तिच्यासाठी एकच. मी आधी ती मांडणी मोडायला लावली, सगळ्या जणी एका टेबलाभोवती बसल्या. तिने मेसेज कबूल केला. मग कुणीतरी विचारलं, "यादी बघितली असं का लिहिलंस?" बराच वेळ ती बाहीचा दोरा ओढत राहिली. मग म्हणाली, "रिक्रूटमेंट टीमच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं, या मुली काहीही करून हातच्या जाता कामा नयेत." ते सांगणारी पदाधिकारी त्याच टेबलाशी बसली होती.

तिचं ऐकून न घेताच निकाल दिला असता तर हे बाहेर आलंच नसतं. धाकटीला शिक्षा आणि तिला भरीस घालणारी मोकळी, असं फार वेळा होतं. त्या पदाधिकारी मुलीने तिथल्या तिथे सुनावणीतून माघार घेतली, आणि पुढच्या आठवड्यात ती स्वतः त्याच टेबलाशी उत्तर द्यायला बसली. ज्यांचा संबंध आहे, ज्या आरोपीच्या रूममेट आहेत, ज्यांचं तिच्याशी वाकडं आहे, त्यांनी मंडळात बसूच नये. हे आधीच विचारायला हवं होतं. आम्ही विचारलं नव्हतं, ती चूक आमची.

पाणउतारा म्हणजे शिक्षा नव्हे

सगळ्यांसमोर उभं करून माफी मागायला लावणं, महिनाभर स्वयंपाकघर घासायला लावणं, ग्रुपवर नाव जाहीर करणं, "तिच्याशी कुणी बोलू नका" असं सांगणं. हे सुचवणाऱ्या मुली वाईट नसतात, चिडलेल्या असतात. पण डिसेंबर 2024 मध्ये स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट हा केंद्रीय कायदा झाला आहे. त्याच्या व्याख्येत फक्त प्रवेशाच्या वेळचा छळ नाही, सदस्यत्व टिकवण्यासाठी सोसावा लागलेला शारीरिक वा मानसिक छळही येतो, मग मुलगी "चालेल" म्हणाली तरी. म्हणजे नियमभंगाची शिक्षा द्यायला जाऊन तुम्ही त्याहून मोठ्या गुन्ह्यात अडकू शकता.

आमच्या मुलीला लेखी ताकीद मिळाली, एका सत्रापुरतं पदासाठी उभं राहता आलं नाही, आणि पुढच्या रिक्रूटमेंटमध्ये तिला उमेदवारांशी बोलण्याच्या कामावरून काढून मागच्या खोलीत कागदपत्रांचं काम दिलं. शिक्षेला शेवटची तारीख होती, आणि ती पत्रातच लिहिली होती.

शिस्तीच्या नावाखाली चाळण लावू नका

याचं उदाहरण इतिहासात आहे. इंडियानातल्या डीपॉ विद्यापीठात 2006 च्या अखेरीस डेल्टा झीटा या सोरोरिटीच्या राष्ट्रीय पदाधिकाऱ्यांनी चॅप्टरच्या 35 मुलींच्या मुलाखती घेतल्या आणि 23 जणींना बाहेर पडायला सांगितलं. कारण दिलं, रिक्रूटमेंटबद्दल पुरेशी बांधिलकी नाही. काढलेल्यांत अंगाने जाड असलेली प्रत्येक मुलगी होती, आणि एकुलत्या एक कृष्णवर्णीय, कोरियन व व्हिएतनामी मुलीही होत्या. राहिलेल्यांतल्याही काही जणी रागाने बाहेर पडल्या. राष्ट्रीय संघटनेने दिसण्यावरून काढल्याचं नाकारलं, पण मार्च 2007 मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट बॉटम्स यांनी त्या सोरोरिटीशी संबंधच तोडले. म्हणून आरोपपत्रात "बांधिलकी", "ॲटिट्यूड", "आपल्यात बसत नाही" हे शब्द दिसले की थांबा. कृती लिहिता येत नसेल तर आरोपच नाही.

सांगणारीला एकटी पाडू नका

सप्टेंबर 2013 मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या 'द क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थी वृत्तपत्राने छापलं की उत्तम गुण असलेल्या कृष्णवर्णीय मुलीला सोरोरिटींनी नाकारलं, आणि त्यामागे माजी सदस्यांचा दबाव होता असं सध्याच्या सदस्य मुली सांगतात. त्याच विद्यापीठाच्या दारात 1963 मध्ये गव्हर्नर वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला उभे राहिले होते. पन्नास वर्षांनी हे बाहेर आलं ते आतल्या मुली बोलल्या म्हणून. मग अध्यक्ष ज्युडी बॉनर यांनी बिडची प्रक्रिया पुन्हा खुली करायला लावली. त्या मुलींना "चुगलखोर" म्हणून गप्प केलं असतं तर? तक्रार करणारीचं नाव आवश्यक तेवढ्यांनाच कळू द्या, आणि तिच्यावर कुणी डूख धरला तर तो वेगळा नियमभंग म्हणून नोंदवा. माजी सदस्य आणि आया यांच्या वागण्याचा जबाबही चॅप्टरलाच द्यावा लागतो, हे त्यांना रिक्रूटमेंटच्या आधी पत्राने कळवा.

आयांचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या प्रकरणातली मुलगी मराठी. तिच्या आईशी माझी मंडळाच्या गणपतीतली ओळख. तिचा फोन आला, "ताई, तुम्ही आहात ना तिथे, जरा बघा ना. लहान आहे हो ती." मी तिला सांगितलं, सुनावणीत मुलीचं म्हणणं पूर्ण ऐकलं जाईल आणि अपील कसं करायचं हे तिला लेखी मिळेल, याहून जास्त मी काही करणार नाही. सहा-सात महिने ती माझ्याशी बोलली नाही. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण त्या टेबलाशी बसलेल्या बाकी मुलींच्या आया मला ओळखत नव्हत्या.

त्या मैत्रिणीने दोन नावं लिहिली. बिड तिला दुसऱ्या घराची आली. मध्यस्थीत आमच्या चॅप्टरने चूक मान्य केली आणि पुढच्या ऑगस्टच्या आधी सगळ्या सदस्यांसाठी नियमांचं सत्र ठेवायचं ठरलं. ते सत्र कुणी घ्यायचं यावर आम्ही बोलत होतो, तेव्हा मेसेज लिहिणारी तीच मुलगी म्हणाली, मी घेते. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मेसेज तिने स्वतःच पडद्यावर दाखवला, बदामांसकट.