वंश, वर्ग आणि लिंगभाव : विषमता एकत्र कशी तपासावी

विषमतेचा अभ्यास करताना वंशाचा तक्ता वेगळा, उत्पन्नाचा वेगळा आणि स्त्री-पुरुषांचा वेगळा मांडण्याची सवय प्रथम सोडावी, कारण ज्यांच्यावर तिन्ही बाजूंनी भार पडतो तीच माणसे अशा मांडणीत दिसेनाशी होतात.

हे कसे घडते ते अमेरिकेतील एका खटल्यातून नीट कळते. पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सविरुद्ध दाद मागितली होती. त्यांच्यासारख्या स्त्रियांना कंपनीने 1964 पूर्वी कामावर घेतलेच नव्हते. पुढे मंदीत सेवाज्येष्ठतेनुसार कपात झाली, तेव्हा 1970 नंतर लागलेल्या सर्व कृष्णवर्णीय स्त्रियांची नोकरी गेली. 1976 मध्ये न्यायालयाने लिंगभेदाचा दावा फेटाळला, कारण कंपनीत स्त्रिया आधीपासून होत्या. मात्र त्या गोऱ्या होत्या. वंश आणि लिंग यांचा जोडदावा स्वीकारण्यासही न्यायालयाने नकार दिला. 1989 मध्ये विधिज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी या निकालाची चिकित्सा करत ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही संकल्पना मांडली, म्हणजे वंश, लिंग यांसारखे भेद एकमेकांना छेदतात तिथे वेगळ्याच प्रकारचा अन्याय घडतो, हा विचार.

म्हणून आकडे हाती आले की ‘स्त्रियांचे वेतन’ एवढ्यावर थांबू नये. कोणत्या वंशाच्या, कोणत्या कामातल्या स्त्रियांचे, असे विचारून प्रत्येक गट स्वतंत्रपणे पाहावा. तोटे एकावर एक रचून बेरीज करणेही चुकीचे ठरते. गरीब कृष्णवर्णीय पुरुषाला पोलिसांकडून येणारा अनुभव आणि श्रीमंत गोऱ्या स्त्रीला कार्यालयात येणारा अनुभव जोडून गरीब कृष्णवर्णीय स्त्रीचे आयुष्य उभे राहत नाही.

त्यानंतर नियमाकडे वळावे, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. 1935 च्या अमेरिकी सामाजिक सुरक्षा कायद्यात वंशाचा वा लिंगाचा उल्लेख करून कोणालाही निवृत्तिवेतनातून वगळलेले नव्हते. वगळले होते ते शेतमजुरांना आणि घरकामगारांना. त्या काळी काम करणाऱ्या बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया याच दोन व्यवसायांत होत्या. वरवर केवळ वर्गाचा वाटणारा नियम प्रत्यक्षात वंश आणि लिंगभावाच्या रेषेवर कसा काम करतो, हे शोधण्यासाठी तो कोणाला लागू होत नाही याची यादी करावी.

लाभ मिळणाऱ्यांचीही अशीच तपासणी करावी. गट फार लहान असल्यास सरासरीवर विसंबू नये. त्या गटातील माणसांशी प्रत्यक्ष बोलावे आणि प्रश्न ठरवतानाच त्यांना सोबत घ्यावे.